हॅरोतलं घर, लाल ३ आणि हरवलेलं अर्थिंग

काकांचा मेसेज सकाळी पावणेसातला आला: ‘सर्व्हे आला. विजेला ३ दिलेत. कितीपैकी?’

तीनपैकीच. पण शाळेतल्या गुणांच्या अगदी उलट. इंग्लंडमध्ये घर विकत घेणारे बरेच जण रिक्स या सर्व्हेअरांच्या संस्थेच्या सभासदाकडून आधी घर बघून घेतात. छप्पर, भिंती, खिडक्या, गटार, वीज, गॅस, प्रत्येकाला १, २ किंवा ३ आकडा मिळतो. १ हिरवा, म्हणजे ठीक. २ पिवळा, म्हणजे दुरुस्ती हवी पण घाई नाही. ३ लाल, म्हणजे गंभीर दोष, किंवा तातडीने दुरुस्त करायला नाहीतर तपासायला हवं. या वाक्यातल्या ‘नाहीतर तपासायला’ या दोन शब्दांवर पुढचा सगळा घोळ उभा राहिला. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय.

घर वायव्य लंडनमध्ये, हॅरोत. १९३४ साली बांधलेलं, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेलं जोडघर. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आसपास त्या दशकात अशी हजारो घरं उठली. काकांनी ते १९७४ साली घेतलं. काका सांगलीचे, काकू पुण्याची. आता जिने चढवत नाहीत, म्हणून घर विकून लेकीजवळ लेस्टरला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. किंमत ठरली सहा लाख पस्तीस हजार पौंड. घेणारं जोडपं तरुण, पहिलंच घर, बाई गरोदर. मी मधला माणूस. डिप्लोमाला इलेक्ट्रिकल शिकलो आणि पुढे सगळं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये घालवलं, त्यामुळे वायरला हात लावायचा परवाना नाही, पण रिपोर्ट वाचता येतो, एवढीच माझी पात्रता.

सर्व्हे घेणाऱ्याचा असतो, विकणाऱ्याला तो दाखवलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे एजंटामार्फत त्यातलं जेमतेम दीड पान आलं. त्यात लिहिलं होतं: फ्यूज बॉक्स जुन्या पद्धतीचा, तार बदलण्याच्या फ्यूजांचा. वायरचे रंग जुने, लाल आणि काळे. माळ्यावर जुनी रबरी केबल दिसली. तपासणीचं प्रमाणपत्र उपलब्ध नाही. म्हणून ३. रहायला येण्याआधी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं.

त्या दीड पानासोबत एजंटाची ईमेल. घेणाऱ्यांनी एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला विचारलंय, संपूर्ण वायरिंग नव्याने करायला आणि त्यानंतर भिंतींचं प्लास्टर, रंग धरून चौदा हजार पौंड लागतील, तेवढे किमतीतून कमी करावेत. शेवटी एजंटाने आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं होतं की विक्रीसाठी विजेचं प्रमाणपत्र आता कायद्यानेच लागतं.

काकांचा पारा चढला. ‘पन्नास वर्षं राहिलोय या घरात. एकदा कुणाला शॉक बसला नाही. आणि हा कोण माणूस, वीस मिनिटं टॉर्च मारून गेला, तो सांगणार?’

मी म्हटलं, ‘काका, तो काही सांगतच नाहीये. त्याने तपासलेलंच नाही.’

खरंच नव्हतं. सर्व्हेअर विजेची चाचणी करत नाही. त्याच्या कामात ती येतच नाही. तो डोळ्यांना दिसेल तेवढं बघतो, कागद मागतो, आणि कागद नसला आणि बॉक्स जुना दिसला की ३ टाकतो. त्याच्या जागी मीही ३ टाकला असता. उद्या काही झालं तर ‘तुम्ही का नाही सांगितलं’ म्हणून दावा त्याच्यावर. तेव्हा त्या लाल तीनचा अर्थ ‘घर धोकादायक आहे’ असा नसून ‘मला माहीत नाही, ज्याला माहीत असेल त्याला विचारा’ एवढाच असतो. चौदा हजार मात्र पहिल्या अर्थावर मागितले होते, तेही बॉक्सचं झाकणसुद्धा न उघडलेल्या माणसाच्या अंदाजावर.

दुसऱ्या बाजूने काकांचं ‘पन्नास वर्षं काही झालं नाही’ हेही तितकंच पोकळ होतं. त्यावर पुढे येतो.

आधी एजंटाचा कायदा. इंग्लंडमध्ये स्वतःचं राहतं घर विकताना विजेचा तपासणी अहवाल देण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती भाड्याने देणाऱ्या घरमालकांवर: २०२०च्या नियमांनुसार नव्या भाडेकरारांना १ जुलै २०२० पासून आणि चालू करारांना १ एप्रिल २०२१ पासून, दर पाच वर्षांनी किमान एकदा. एजंट लोक दोन्ही धंदे एकाच टेबलावरून करतात, त्यामुळे ही सरमिसळ नेहमीची. विकणाऱ्याला जो फॉर्म भरावा लागतो, टीए६ नावाचा, त्यात दोन प्रश्न असतात. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून कधी तपासणी झाली का, आणि १ जानेवारी २००५ नंतर विजेचं काही काम केलंत का. ही तारीख अशासाठी की त्या दिवसापासून घरातलं विजेचं काम बांधकाम नियमांच्या ‘पार्ट पी’खाली आलं आणि ठरावीक कामांना प्रमाणपत्र लागू लागलं. दोन्ही प्रश्नांना काकांचं उत्तर ‘नाही’ होतं, आणि ते खरं होतं. मागच्या कित्येक वर्षांत त्यांनी बल्ब आणि फ्यूजची तार सोडून कशालाच हात लावला नव्हता. ती फ्यूजची तारच पुढे महागात पडली.

मी सुचवलं की तपासणी करू. इथे ईआयसीआर म्हणतात: इन्स्टॉलेशनची अवस्था सांगणारा अहवाल, झाकणं उघडून, मीटर लावून. काकांना पटेना. त्यांच्या सॉलिसिटरचंही मत होतं की घेणाऱ्यांना हवी असेल तर त्यांनी करावी, आपण आपल्या खर्चाने वाईट बातमी कशाला विकत घ्यायची. हा सल्ला अगदीच वेडगळ नाही. अहवाल हातात आला की तो ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय काढून घेतो. पुढे फॉर्ममध्ये लपवलंत तर ते फसवं निवेदन ठरतं आणि घर विकून झाल्यावरही मागे लागतं. पण न तपासता बसलो असतो तर चौदा हजार मागणारे आणि शून्य देणारे एकमेकांकडे बघत राहिले असते, आणि गरोदर बाईने घाबरून दुसरं घर बघितलं असतं.

शेवटी असं ठरलं: इलेक्ट्रिशियन घेणाऱ्यांनी निवडायचा, पण एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या नोंदणी संस्थांच्या यादीतला. फी निम्मी-निम्मी, अहवाल दोघांच्या नावाने एकाच वेळी. आणि एक अट माझी. जो तपासेल त्याच्याकडून दुरुस्तीचा भाव त्या दिवशी मागायचा नाही. तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की कोडचा रंग कधीकधी गडद होतो. सगळेच तसे असतात असं नाही, पण मोह तर असतोच. एकूण फी दोनशे ऐंशी पौंड, काकांचे एकशे चाळीस गेले.

इलेक्ट्रिशियन मंगळवारी नऊला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, बूट दारात काढणारा. काकू तेवढ्यावरच खूश झाली आणि चहा ठेवायला गेली. त्याने जिन्याखालच्या कपाटातलं सामान, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, दोन छत्र्या आणि गणपतीच्या मखराचा थर्मोकोल, बाहेर काढलं आणि फ्यूज बॉक्ससमोर मांडी घालून बसला.

तपकिरी बेकलाइटचा बॉक्स, पाठीला लाकूड. आपल्याकडच्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचाच हा सावत्र भाऊ: एक दांडी ओढून काढायची, तिच्यात तार ओवायची, परत खुपसायची. दांडीवर रंगाचा ठिपका असतो. पांढरा पाच अँपिअर, निळा पंधरा, लाल तीस. बाजारात एका पुठ्ठ्यावर तीन जाडीच्या तारा गुंडाळलेल्या मिळतात. त्याने वरच्या मजल्याच्या दिव्यांची पांढऱ्या ठिपक्याची दांडी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि काकांकडे बघितलं. आत पाचची नाही, पंधराची तार होती.

काका जरा ओशाळले. मला मराठीत म्हणाले, ‘पूर्वी पिवळा बल्ब गेला की फ्यूज पण जायचा रे. मध्यरात्री कोण बसेल तार ओवत. म्हणून जाड घातली एकदा.’

बल्ब जाताना फ्यूज उडणं खरंच व्हायचं, तुटत्या फिलामेंटमध्ये क्षणभर आर्क होऊन. पण ती तार वायर वाचवायला असते. दिव्यांची बारीक वायर पाचच्या तारेच्या भरवशावर टाकलेली, आणि भरवसाच तिप्पट सैल केला. एकदा म्हणजे नक्की कधी, ते काकांना आठवेना. काकू आतून म्हणाली, ‘पोरं कॉलेजात होती तेव्हा.’

तिथून माळा. माळ्यावर सर्व्हेअरने पाहिलेली रबरी केबल होती, १९३४ची, म्हणजे घराच्या वयाची. आधीच्या मालकाने साठच्या दशकात बहुतेक घर प्लास्टिकच्या, म्हणजे पीव्हीसी वायरचं केलं होतं, पण वरच्या दिव्यांपर्यंत पोचून बहुधा पैसे किंवा उत्साह संपला. इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंद करून एका जोडणीच्या डबीचं झाकण काढलं आणि केबल बोटाने किंचित वाकवली. रबराचा पापड झाला होता. चुरा खाली पडला, आतलं तांबं उघडं. इतकी वर्षं कुणी वाकवलं नाही म्हणून ते जागेवर होतं, एवढंच. पाचशे व्होल्टवर इन्सुलेशन मोजलं तर त्या सर्किटवर ०.३ मेगाओम. किमान एक लागतो. खालच्या सॉकेटच्या पीव्हीसी वायरवर मीटरने दोनशेच्या वरचा आकडा दाखवला, म्हणजे ठणठणीत. तीही लाल-काळीच. लाल-काळ्या रंगात दोष काही नाही. तपकिरी-निळे रंग २००४ मध्ये आले आणि एप्रिल २००६ पासून सक्तीचे झाले, त्याआधीचं प्रत्येक घर लाल-काळंच. सर्व्हेअरने तो मुद्दा का लिहिला, कळत नाही. रंगावरून वय कळतं, तब्येत कळत नाही.

एवढ्यात अकरा वाजले. आता खरी गोष्ट.

तो परत जिन्याखाली बसला, मीटर लावलं, आणि अर्थची लूप मोजली. म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावर आहे. वॉशिंग मशीनच्या आत फेज तार सुटून पत्र्याला टेकली, तर तो करंट अर्थच्या तारेने परत जायला हवा, आणि इतका जोरात जायला हवा की फ्यूज उडेल. वाट जितकी मोकळी तितका करंट जास्त. रस्त्यातल्या केबलमधून वीज कंपनीच अर्थ देते तिथे ही वाट ओमच्या काही दशांशांत असते. ०.३५ ओम धरा, तर २३० भागिले ०.३५, साडेसहाशे अँपिअर. तीस अँपिअरची तार क्षणात जळून जाते. म्हणून आपण जिवंत राहतो.

मीटरवर आकडाच आला नाही. ‘१९९९पेक्षा जास्त’ अशी खूण आली. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. दोन हजार ओम धरले तरी करंट जातो जेमतेम ०.१२ अँपिअर. फ्यूजला त्याची दखलही लागत नाही, तीसची काय आणि पाचची काय. पत्रा मात्र पूर्ण २३० व्होल्टवर थांबून राहतो, कुणीतरी हात लावायची वाट बघत. आणि माणसाला मारायला ०.१२ अँपिअर भरपूर होतात.

तो काही बोलला नाही. बॉक्समधून निघालेली हिरवी तार हाताने चाचपत निघाला. कपाटातून स्वयंपाकघरात, सिंकखाली, आणि तिथे पितळी पट्ट्याने पाण्याच्या तांब्याच्या पाइपाला आवळलेली. १९३४मध्ये ही सर्रास पद्धत होती. पाण्याचा धातूचा पाइप जमिनीत मैलोन्मैल पसरलेला, त्याहून चांगला अर्थ कुठला? आपल्याकडेही जुन्या घरांत नळालाच अर्थिंग दिलेलं सापडतं. आता नियमाने पाणीपुरवठ्याच्या पाइपाला असा अर्थ चालत नाही, आणि का चालत नाही ते सिंकखाली वीतभर पुढे दिसत होतं. तांब्याचा पाइप मुख्य कॉकपाशी संपत होता. पुढे जमिनीतून वर आलेला पाइप निळ्या प्लास्टिकचा होता.

‘हा कधी बदलला?’ मी विचारलं.

काकू पदराला हात पुसत आली. ‘२००९ला. शिशाचा होता ना. पेपरात वाचलं, शिशाच्या पाइपाचं पाणी वाईट, मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो. नातू यायचा होता. मीच मागे लागून बदलून घेतला.’

शिशाचा पाइप काढणं अगदी योग्य होतं. फक्त त्या प्लंबरला घराचं अर्थिंग त्याच पाइपावर टांगलंय हे दिसलं नाही, किंवा दिसूनही ते आपलं काम नाही असं वाटलं. पण मग २००९पासून घर अर्थशिवाय होतं? इलेक्ट्रिशियन गॅसच्या मीटरकडे गेला. रस्त्यातून येणारा पाइप पिवळा, तोही प्लास्टिकचा. ब्रिटनमध्ये घरांजवळचे गॅसचे जुने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकण्याचा मोठा कार्यक्रम २००२पासून चालू आहे. काकांच्या गल्लीत तो २०१७ला आला, खड्डे खणल्याचं दोघांना पक्कं आठवत होतं. मग चित्र जुळलं. बॉयलरमध्ये पाण्याचे आणि गॅसचे पाइप धातूने एकमेकांना जोडलेले असतात. पाण्याचा पाइप गेल्यावर आठ वर्षं घर नकळत गॅसच्या लोखंडी पाइपावर अर्थ होत होतं. तेही नियमबाह्य, पण निदान वाट होती. २०१७ला तीही बंद झाली.

तेव्हा काकू अगदी सहज बोलून गेली: ‘तरीच. अनवाणी असले की वॉशिंग मशीनला मुंग्या येतात. चिमटा काढल्यासारखं. मला वाटलं माझ्या हाताच्या शिरा, वयाने.’

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की काय सांगू. ‘बोलली नाहीस कधी?’

‘तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, पन्नास वर्षं काही झालं नाही.’

त्या मुंग्या म्हणजे मशीनच्या आतल्या फिल्टरमधून पत्र्यावर कायम पाझरणारा, काही मिलिअँपिअरचा करंट. मशीन बिघडलेलं नसतानाही तो असतो. अर्थ धड असेल तर तो गुपचूप निघून जातो, कुणाला कळत नाही. अर्थ नसेल तर अनवाणी माणसातून जातो. हा घराने दिलेला इशारा होता, सहा वर्षं चाललेला.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. यात कोड असतात: सी-१ म्हणजे आत्ता या क्षणी धोका, सी-२ म्हणजे धोका होऊ शकतो, सी-३ म्हणजे सुधारणा केलीत तर बरं, आणि एफआय म्हणजे आणखी शोध हवा. सी-१, सी-२ किंवा एफआय यातला एक जरी असला तरी निकाल ‘असमाधानकारक’. मला वाटलं होतं अर्थ नसण्याला सी-१ येईल. आला सी-२. तर्क असा की उघडी जिवंत तार हाताला लागत असेल तर सी-१. इथे माणसाला इजा व्हायला आधी आणखी एक बिघाड व्हावा लागतो. कागदावर हे बरोबर आहे. त्या इलेक्ट्रिशियनने मात्र जाताना वॉशिंग मशीनचा प्लग स्वतः काढून ओट्यावर ठेवला आणि काम होईपर्यंत लावू नका म्हणून सांगितलं.

सी-२ एकूण पाच. अर्थ नाही. माळ्यावरची रबरी केबल. पंधराची तार. बागेत गवत कापायचं यंत्र ज्या सॉकेटला लावतात त्याला आरसीडी, म्हणजे करंट जमिनीकडे गळू लागला की क्षणात वीज तोडणारा स्विच, नाही. पाचवा सगळ्यात अनपेक्षित. जेवणाच्या टेबलावरचा पितळी दिवा. काकूने १९८८ला तुळशीबागेतून आणलेली, साखळीवर टांगलेली समई, तिच्यात इथे बल्ब बसवून घेतलेला. खालच्या दिव्यांची वायर पीव्हीसी, चांगली, पण तिच्यात अर्थची तारच नाही. दिव्यांच्या सर्किटला अर्थ सक्तीचा झाला १९६६च्या नियमावलीत, ही वायर त्याआधीची. अशा सर्किटवर प्लास्टिकचे दिवे आणि प्लास्टिकची बटणं असतील तर नुसता सी-३. पितळी दिवा टांगला की सी-२. बाकी घरात आरसीडी नसणं, बॉक्स धातूचा नसणं, हे सी-३.

आणि अहवालाच्या पहिल्या पानांवर ‘मर्यादा’ नावाचा चौकोन असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात लिहिलं होतं की भिंतीतल्या आणि फरशीखालच्या केबल बघितलेल्या नाहीत, आणि सॉकेटपैकी काहीच उघडून पाहिले. घेणाऱ्यांच्या सॉलिसिटरने नेमकं त्यावर बोट ठेवलं. ते योग्यच होतं. पण सॉकेटच्या सर्किटचे आकडे इतके चांगले होते की ‘संपूर्ण वायरिंग नव्याने’ ही मागणी टिकेना. अर्ध्या घराला नव्या वायरची गरज नव्हती. ज्या अर्ध्याला होती तिथे माळ्यावरून मोकळं जाता येत होतं, भिंती फोडायच्या नव्हत्या.

यानंतरचा भाग रटाळ होता. तीन भाव मागवले, दोन वाजवी होते, एक निवडला. वीज कंपनीकडे, म्हणजे तारांचं जाळं सांभाळणाऱ्या डीएनओकडे, अर्थ मागायचा हा एक मार्ग होता. त्यांचा माणूस कधी येईल ते कुणी सांगेना, आणि करारावर सह्यांची तारीख जवळ आलेली. म्हणून दुसरा मार्ग: घराशेजारी जमिनीत तांब्याचा मुलामा दिलेली सळई ठोकून स्वतःचा अर्थ, आणि सगळ्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचे आरसीबीओ, म्हणजे आरसीडी आणि फ्यूज दोघांचंही काम करणारे स्विच. सळईचा रोध ५८ ओम आला. ऐकायला हा आकडा ०.३५ पुढे भयंकर वाटतो, पण इथे फ्यूज उडवायचा नसतो, आरसीबीओ पाडायचा असतो, आणि तो ०.०३ अँपिअरला पडतो. ५८ गुणिले ०.०३, पावणेदोन व्होल्ट. मर्यादा पन्नासची. लंडनची चिकणमाती ओली राहते, म्हणून आकडा चांगला आला. याच मातीने भिंतींना तडे जातात म्हणून सर्व्हेअर तिला शिव्या घालतात. सांगलीत आमच्या जुन्या घरामागे मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा होता, एप्रिल-मेमध्ये आजोबा त्यात बादलीभर पाणी ओतायला लावायचे. काकांना ते आठवलं. म्हणाले, ‘म्हणजे पन्नास वर्षांनी परत खड्डाच.’

नवा धातूचा बॉक्स, सळई, गॅसच्या आणि पाण्याच्या पाइपांना जाड हिरवी-पिवळी तार, वरच्या दिव्यांचं वायरिंग नवं: सगळे मिळून दोन हजार सहाशे चाळीस पौंड, अडीच दिवस. पार्ट पीचं प्रमाणपत्र नंतर टपालाने आलं. खालच्या दिव्यांत अर्थ नाही हा सी-३ तसाच ठेवला, त्यापोटी किमतीत एक हजार सोडले. चौदा हजारांच्या जागी काकांना पडले एकूण तीन हजार सातशे ऐंशी. घेणाऱ्यांना पाच सी-२ नसलेलं घर मिळालं. त्यांनी मागितलेले चौदा हजार तसेच देऊन टाकले असते, तर काम ते आल्यावर, सवडीने, भिंती रंगवताना झालं असतं. तोवर ते अर्थ नसलेल्या घरात बाळाचे कपडे धूत बसले असते. याचा विचार दोन्ही बाजूंच्या वकिलांपैकी कुणी केल्याचं मला दिसलं नाही.

चूक माझीही झाली. घर बाजारात लावायच्या आधी, जाहिरातीचे फोटो काढायच्या आठवड्यात, मी हीच तपासणी करून घ्यायला हवी होती. जुना बॉक्स मी वीस वर्षं बघत होतो. तेव्हा झाली असती तर एजंटाची ती ईमेल आलीच नसती, आणि तीन आठवडे काकांचं रक्त आटलं नसतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, ‘तू सांगितलं असतंस तरी मी केलं नसतं.’ तेही खरं.

समई उतरवायला मी आणि काका शिडीवर. साखळीच्या आतून दोनच तारा येत होत्या, तपकिरी आणि निळी. लेस्टरच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर काकूने पहिल्याच आठवड्यात तिथल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. छतातल्या दिव्याच्या जोडणीच्या डबीत तिसरी तार होती, हिरवी-पिवळी. पण समईला ती जोडायला जागाच नव्हती, भोक पाडून स्क्रू बसवावा लागणार होता. तो कुठे पाडू म्हणून त्याने विचारलं, तेव्हा काकूने समई उलटी करून नीट न्याहाळली आणि वरच्या कळसाखाली, जिथून खालच्या माणसाला दिसणार नाही, तिथे बोट ठेवलं.